आमच्या सीडीत रिस्पेक नव्हता

आमच्या घरी पहिला कम्प्युटर आला तो २००९ साली, दादाच्या एमएस-सीआयटीसाठी. सेकंडहँड होता. अकोल्याहून एसटीनं आणला, आणि मॉनिटर पूर्ण रस्ताभर मोठ्या बाबांच्या मांडीवर होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मोठे बाबा म्हणजे त्याचे वडील. आमच्याकडे वडिलांच्या थोरल्या भावाला असंच म्हणतात. गाव रिसोड तालुक्यात, जिल्हा वाशीम. दोन घरं, मधे एक अंगण, आणि शेती एकत्र.

एमएस-सीआयटी काही महिन्यांत संपलं, कम्प्युटर राहिला. मग दादाच्या कुठल्यातरी मित्राकडून एक सीडी आली. वर काळ्या मार्करनं 'डायब्लो २' लिहिलेलं. ओरिजिनल नव्हती हे वेगळं सांगायला नको. मी तेव्हा आठवीत होतो.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डायब्लो २ आला २०००मध्ये, त्याचं एक्स्पान्शन २००१मध्ये. आमच्या सीडीत दोन्ही होतं. तुम्ही एक पात्र निवडता, राक्षस मारत जाता, लेव्हल वाढते. प्रत्येक लेव्हलला पाच पॉइंट मिळतात. ते ताकद, चपळाई, जीव आणि मंत्रशक्ती या चारांत वाटायचे. शिवाय एक पॉइंट कौशल्यासाठी. हे पॉइंट तुम्ही कुठे टाकता यावर तुमचं पात्र काय होणार ते ठरतं. याला म्हणतात बिल्ड. एकच मांत्रिक बाई, पण माझी आग फेकणारी, तुमची बर्फ फेकणारी. दोघींचा गेम वेगळा.

आणि एकदा टाकलेला पॉइंट परत मिळत नाही.

दादानं नेक्रोमॅन्सर घेतला होता, मेलेल्यांना उठवून लढायला लावणारा. मी सॉर्सरेस घेतली, कारण तिच्या हातातून आग निघायची. लेव्हल वाढली रे वाढली की मी सगळे पॉइंट लगेच टाकून मोकळा व्हायचो. दादा मागे खाटेवर बसून बघायचा.

"सगळे आत्ताच कायले टाकून रायला बे? शिल्लक ठेव थोडे."

"कशाला?"

"अठरा लेव्हलले चांगलं येते. चोवीसले त्याहून चांगलं. तवर दम धर."

त्याचं बरोबर होतं. या गेममधली कौशल्यं १, ६, १२, १८, २४ आणि ३० या लेव्हलांना उघडतात. सुरुवातीच्या फुटकळ मंत्रांवर पॉइंट उडवले तर तिसाव्या लेव्हलला हात रिकामे. दादा पॉइंट न वापरता जमवून ठेवायचा, आणि तोवर कमजोर पात्रानिशी झुंजायचा. तेरा वर्षांच्या मुलाला हे कळणं शक्य नव्हतं. मला आग हवी होती, आत्ता हवी होती.

दादाजवळ एक लांबडी वही होती, दुकानदार उधारी लिहितात तसली. त्यात तो आमचं प्रत्येक मरण लिहायचा. कुठे मेलो, कुणी मारलं, काय चुकलं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ड्युरिअल नावाचा राक्षस आहे. त्याची खोली एवढीशी. आत पाय टाकला की तो समोरच, आणि त्याच्या थंडीनं तुमचे पाय जड होतात, पळता येत नाही. त्या खोलीत मी सतरा वेळा मेलो. वहीत सतरा ओळी आहेत. पहिल्या ओळीत फक्त 'थंडी' लिहिलंय. पाचव्या ओळीत 'पोशन आधी प्यायचं, नंतर नाई'. अकराव्या ओळीत 'दारातच आग टाकून मग सरक'. सतराव्या ओळीनंतर पुढच्या जागेचं नाव आहे.

त्यात लोडशेडिंग होतं. खेळता खेळता लाइट गेली की मागच्या सेव्हपासून पुढचं सगळं पाण्यात. त्या मरणांचीही नोंद आहे: 'बोर्ड'. वीज मंडळाला आम्ही अजूनही बोर्डच म्हणतो.

गेममधल्या अवघडपणाबद्दल मी नंतर बरंच वाचलं, बरेच गेम खेळलो. माझ्या मते अवघडपणा ढोबळमानानं दोन प्रकारचा असतो.

एक म्हणजे नुसते आकडे फुगवणं. स्कायरिम, २०११. सेटिंगमध्ये जाऊन लेजंडरी निवडलं की तुमचा वार चौथ्या हिश्श्यावर येतो आणि समोरच्याचा तिप्पट लागतो. पण लांडगा तोच असतो. तसाच धावत येतो, तसाच चावतो. फक्त त्याला मारायला जास्त वेळ लागतो. त्याच्याआधीचा ऑब्लिव्हियन, २००६चा, त्याहून मजेदार. तिथे तुमची लेव्हल वाढली की रस्त्यावरच्या लुटारूंचीही वाढते. शेवटी शेवटी असा लुटारू भेटतो की अंगावर हजारोंचं काचेचं चिलखत, आणि मागतो काय, तर शंभर नाणी. म्हणजे तुम्ही किती का वाढा, जग तुमच्याबरोबर तेवढंच वाढणार. मग वाढून मिळवलं काय?

दुसरा प्रकार म्हणजे जो नियम बदलतो. डायब्लो २ तीनदा खेळायचा असतो: नॉर्मल, नाइटमेअर, हेल. नकाशा तोच, गोष्ट तीच, पात्रही तेच, तुमच्या सगळ्या लेव्हलांसकट. पण हेलमध्ये तुमची सगळी प्रतिकारशक्ती शंभरानं खाली येते, आणि काही राक्षसांच्या नावाखाली एक ओळ दिसायला लागते: इम्यून टू फायर. आगीचा काहीच परिणाम नाही.

माझी सॉर्सरेस हेलमध्ये पोचली तेव्हा साठीच्या पुढे होती. तीनशेवर पॉइंट खर्च झालेले. फायरबॉल, मिटिओर, फायर मास्टरी. सगळी आग. आणि पहिल्याच अंकात समोर असे राक्षस उभे, ज्यांना आगीनं काहीही होत नाही. मी फायरबॉल फेकतोय, तो येतोय. मी फेकतोय, तो येतोय.

मला आठवतंय, मी रडलो होतो. राक्षसाच्या हातून मेलो म्हणून रडलो नव्हतो. मी काहीच चुकीचं केलेलं नव्हतं, म्हणून रडलो. नॉर्मलमध्ये आग बरोबर होती, नाइटमेअरमध्येही चालून गेली. दोन वेळा बरोबर ठरलेलं उत्तर तिसऱ्या वेळी चूक ठरलं, कारण प्रश्नच बदलला होता. आणि मागे जायला रस्ता नव्हता.

दादानं वहीत लिहिलं: 'आग + बर्फ पाह्यजे होतं.' मग म्हणाला, "चाल, नवीन घे."

मी पहिल्यापासून नवीन सॉर्सरेस सुरू केली. रिप्लेव्हॅल्यू, म्हणजे एखादा गेम पुन्हा खेळावासा का वाटतो, याची चर्चा लोक करतात तेव्हा मला ती दुसरी सॉर्सरेस आठवते. १९९५च्या क्रोनो ट्रिगरनं 'न्यू गेम प्लस' हे नाव रूढ केलं: गेम संपला की पुन्हा सुरुवातीपासून, पण कमावलेलं सगळं बरोबर घेऊन. आमच्या नव्या सॉर्सरेसकडे काहीच नव्हतं, एक फुटकी काठी होती. तरी तो न्यू गेम प्लसच होता. दादाची वही होती ना. ड्युरिअलच्या खोलीत या वेळी मी दोनदाच मेलो.

ती सॉर्सरेस हेलपर्यंत कधी पोचलीच नाही. २०१२च्या उन्हाळ्यात मोठ्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. दादा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होता. परीक्षा दिली, पण तिसऱ्या वर्षाला गेला नाही. जून लागला होता, पेरणी होती. माझे बाबा तेव्हा खाजगी नोकरीत होते, त्यांना रोज शेतावर जाणं शक्य नव्हतं. कुणी कुणाला बसवून विचारलं नाही. एक दिवस दादा सकाळी तिफण घेऊन गेला आणि मग रोजच जायला लागला, एवढंच.

२०१५ला माझी बारावी झाली. मार्क बरे होते. अमरावतीला इंजिनिअरिंगला नंबर लागला. दोन घरांत मिळून एकाच्या शिक्षणापुरतेच पैसे होते, आणि त्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षीसारखाच, पावसानं मोठा खंड दिला होता. तरी दर महिन्याला मेसचे पैसे वेळेवर आले. दादा पाठवायचा. चार वर्षांत एकदाही उशीर झाला नाही. ते कुठून यायचे हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर, विचारायचं टाळलं.

२०१९पासून मी पुण्यात आहे. पहिल्या बोनसमधून चांगला लॅपटॉप घेतला. ग्राफिक्स कार्ड वगैरे. आणि मग लहानपणी फक्त यूट्यूबवर पाहिलेले सगळे गेम विकत घेतले. डार्क सोल्स, ज्यात सोपं-अवघड निवडायची सोयच नाही. विचर ३. जुना फॉलआउट, १९९७चा, ज्यात बुद्धी फारच कमी ठेवली तर तुमच्या पात्राला धड बोलताही येत नाही आणि लोक तुमच्याशी त्याप्रमाणे वागतात. २०२३ला बॉल्डर्स गेट ३ आला, तोही पहिल्याच महिन्यात घेतला.

बॉल्डर्स गेट ३मध्ये विदर्स नावाचा एक सापळा आहे. तुमच्या तळावर उभा असतो. त्याला शंभर नाणी दिली की तो तुमचे सगळे पॉइंट परत देतो. मांत्रिकाचा योद्धा करा, योद्ध्याचा चोर करा. हवं तितक्या वेळा. याला म्हणतात रिस्पेक. मी तो गेम सात वेळा सुरू केला आणि एकदाही संपवला नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, दुसरा बिल्ड जास्त भारी असेल. ऑफिसातल्या मित्रांना मी छातीठोकपणे सांगायला लागलो: रिस्पेकनं गेमची मजा घालवली. निवडीला वजनच राहिलं नाही. आम्ही खेळायचो तेव्हा एक पॉइंट चुकला की चुकला.

हे सांगताना माझ्या आवाजात एक अभिमान असायचा. तो फक्त गेमबद्दल नव्हता. २०१८ साली केंद्र सरकारनं आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली. महाराष्ट्रातले चार होते: गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशीम. आकांक्षित म्हणजे मागास, फक्त चांगल्या शब्दात. पुण्यातला एक मित्र एकदा जेवताना म्हणाला, "भाई, तू तर हार्ड मोडवर खेळून आलायस." मी हसलो, पण ते मला आवडलं. पुढे दोन-तीनदा मी स्वतःच ते वाक्य वापरलं.

त्याच सुमारास मला एक गोष्ट कळली. डायब्लो २मध्येही रिस्पेक होता. मार्च २०१०मध्ये आलेल्या १.१३ पॅचनं दिलेला. पहिल्या गावातली अकारा नावाची म्हातारी प्रत्येक डिफिकल्टीत एकदा, म्हणजे एकूण तीन वेळा, सगळे पॉइंट परत करते. त्यापुढेही हवं असेल तर चार मोठ्या राक्षसांकडून चार अर्क गोळा करून आणखी एक संधी बनवता येते. म्हणजे मी हेलमध्ये अडकून रडत होतो तेव्हा जगभरातले लोक अकाराकडे जाऊन आगीचा बर्फ करून घेत होते. आमची सीडी जुन्या व्हर्जनची होती. घरात इंटरनेट नव्हतं, त्यामुळे पॅच हा शब्दही माहीत नव्हता. ज्याला मी गेमचा कडक नियम समजत होतो, तो गेमचा नियम नव्हताच. तो आमच्यापर्यंत पोचायला राहिलेला पॅच होता.

२०२४च्या दिवाळीत मी लॅपटॉपवर डायब्लो २ रिझरेक्टेड टाकून घरी नेला. तोच गेम, २०२१मध्ये नव्यानं रंगवून काढलेला. दादाला दाखवायचा होता. सोयाबीन काढून झालं होतं, पण विकलं नव्हतं. हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली. पोती पडवीत रचलेली होती, त्यांच्यावरच लॅपटॉप ठेवून आम्ही बसलो.

बोलता बोलता मी त्याला रिस्पेकचं सांगितलं. अकारा, २०१०, जुनी सीडी. आणि मग माझं ठरलेलं वाक्य: "पण बरं झालं ना दादा, आपल्याकडे नव्हतं ते. खरी मजा तर त्यातच होती."

दादा माझ्याकडे बघत राहिला.

"काहून? परत भेटून रायले तर घ्यावं ना माणसानं. त्यात कायची मर्दानगी? आपल्याजवळ नवी सीडी असती त मी पहिल्याच दिवशी वापरलं असतं. तू त रडून रायला होता."

मी काही बोललो नाही. तो उठून आत गेला आणि ती लांबडी वही घेऊन आला. मला वाटलं होतं ती केव्हाच रद्दीत गेली असेल. पुढची पानं आमच्या मरणांची होती. 'थंडी', 'बोर्ड', 'आग + बर्फ पाह्यजे होतं'. मधे चार-पाच कोरी पानं, आणि मग त्याच अक्षरात, २०१२पासून, शेती. एकरी बियाणं किती, पेरणी कोणत्या तारखेला, फवारणी कशाची, किती क्विंटल आलं, आणि शेवटी काय चुकलं ते. '२०१४: पेरणी घाईत. दुबार.' '२०१९: काढणीच्या वक्ती पाऊस. सुडीले मोड आले. ताडपत्री आधी आणून ठेवाची.' '२०२३: पिवळा मोझॅक. पांढरी माशी लवकर पाहाले पाह्यजे.' एका वर्षी जुनं ३३५ सोडून फुले संगम. एका वर्षी रुंद वरंबा सरी. दोन वर्षांपासून रब्बीत अर्धा एकर चिया. तोच नकाशा, तीच सहा एकरं, दर जूनला नव्यानं. सेव्ह नाही, लोड नाही. बारा वर्षांत त्यानं बारा वेळा तो गेम खेळला होता आणि दर वेळी बिल्ड थोडा बदलला होता.

मी हार्ड मोडवर खेळलो नव्हतो. नेक्रोमॅन्सर खेळताना दादा मातीचा एक गोलेम पुढे उभा करायचा. सगळे वार तो खायचा आणि मागचे सुरक्षित राहायचे. मी अमरावतीला लायब्ररीत बसलो होतो, वेळेवर मेस होती, एका सेमिस्टरला दोन विषय राहिले तरी घरून कुणी काही बोललं नव्हतं. मी नॉर्मलवरच खेळलो. हेल दुसरा कुणीतरी खेळत होता म्हणून मला ते जमलं. आकांक्षित जिल्ह्याचा बिल्ला मात्र पुण्यात मी मिरवत होतो.

मग मी त्याला ते विचारलंच. बारा वर्षं विचारलं नव्हतं ते. "दादा, तुला रिस्पेक मिळाला तर?"

"मले इचारून रायला का सोताले?"

मी गप्प.

तो थोडा वेळ पोत्याची सुतळी ओढत बसला. मग म्हणाला, "बीएस्सीचं इचारत असशील त सांगता येत नाई. तवा जे समोर होतं त्यात तेच बरोबर होतं. मन लागत नाई कधी कधी, ते येगळं." मग एकदम हसला. "अठराची बोअर! तीनशे फूट गेली, थेंब नाई लागला. ते पैसे वापस भेटले पाह्यजे. त्याच्यासाठी तुह्या त्या म्हातारीकडं मी पायी जाईन."

मीही हसलो. मला वाटलं होतं तो एक तर मला माफ करेल, नाही तर काहीतरी लागेलसं बोलेल. त्यानं दोन्हीही केलं नाही. बोअरचे पैसे मागितले.

अवघडपणाचं कौतुक मला अजूनही आहे, पण आता ते जपून करतो. ड्युरिअलच्या खोलीतलं मरण चांगलं होतं, कारण दर वेळी काय चुकलं ते कळत होतं आणि पुन्हा त्या दारात उभं राहता येत होतं. गेम पुन्हा खेळावासा वाटतो तो त्यामुळे. पण आगीची सॉर्सरेस हेलमध्ये अडकली, त्यात शिकण्यासारखं काही होतं तर ते एका ओळीत वहीत लिहून झालं होतं. त्यापुढचा त्रास फुकटचा होता. विदर्सला शंभर नाणी देणारा खेळाडू भित्रा नसतो. मी सात वेळा गेम सोडला, तो माझा दोष, सापळ्याचा नाही. आणि ज्याच्याकडे पॅच पोचलाच नाही त्याच्या हालांना 'खरी मजा' म्हणणं, तेही ज्याचे पॉइंट सुखरूप आहेत त्यानं, हे बरं नाही.

त्या रात्री आम्ही नवीन पात्र सुरू केलं. दादाची मुलगी आठ वर्षांची आहे. ती मधे येऊन बसली आणि तिनं ॲमेझॉन निवडली, कारण तिच्या हातात भाला होता. दुसरी लेव्हल आली. पाच पॉइंट. तिनं एक इकडे, एक तिकडे, दोन मंत्रशक्तीत, जिचा भालेवालीला फारसा उपयोग नाही. माझा हात आपोआप माउसकडे गेला.

"राहू दे," दादा म्हणाला. "टाकू दे तिले. हिच्या सीडीत म्हातारी हाये ना."

मग त्यानं वहीचं एक कोरं पान काढलं, वर तिचं नाव लिहिलं आणि पेन तिच्या हातात दिला.